सरासरीत हरवलेली गावे : जबलपूर जिल्ह्याचा भूगोल, लोकसंख्या आणि कृषिनियोजन

२०११ च्या जनगणनेनुसार जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या २४,६३,२८९ होती आणि क्षेत्रफळ ५,२११ चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला ४७३ माणसे हा आकडा हाती येतो. त्याच जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० आणि घनता ४७० अशी नोंदली गेली. या दोन आकड्यांवर विसंबायचे तर सातपुड्याच्या दोन अंगांना असलेले हे दोन जिल्हे जवळजवळ सारख्याच दाट वस्तीचे ठरतात. वस्तुतः हा आकडा दोहोंपैकी कोणत्याही जिल्ह्यातील खेड्याचे वर्णन करीत नाही.

जबलपूर जिल्ह्यातील ५८ टक्क्यांहून अधिक लोक शहरी भागात राहतात. एकट्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या तेव्हा सुमारे १०.५५ लाख होती, तर जिल्ह्यातील साऱ्या खेड्यांची मिळून सुमारे १०.२३ लाख. म्हणजे एक शहर एका पारड्यात टाकले तर दुसऱ्या पारड्यातील सर्व गावे त्याच्याहून किंचित हलकीच भरतात. ग्रामीण लोकसंख्येला जिल्ह्याच्या क्षेत्रफळाने भागले तर घनता ४७३ वरून दोनशेच्या आसपास उतरते. नागपूरच्या बाबतीत शहरी वाटा ६८ टक्के असल्याने ती दीडशेच्या घरात येते. शेती ज्या माणसांच्या हातून होते, त्यांचे चित्र या दुसऱ्या आकड्यात आहे आणि तेही अपुरेच आहे.

हा केवळ अंकगणिताचा प्रश्न नाही. बियाण्याची शिफारस, सिंचनाचा आराखडा, प्रात्यक्षिकांची संख्या, अवजारांचे अनुदान, विस्तार कर्मचाऱ्यांची पदे ही सारी जिल्हा हे एकक मानून ठरतात. जिल्हा हे प्रशासनाचे एकक आहे, शेतीचे नव्हे. शेतीचे एकक माती, उतार, पाणी आणि त्यावर वसलेली माणसे यांतून घडते. येत्या जनगणनेच्या निमित्ताने हा भेद कृषी संशोधन आणि विस्तार यंत्रणेने मनावर घेणे आवश्यक झाले आहे.

मराठी वाचकाला जबलपूरचे काय, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती आणि जबलपूर त्याच प्रांतात होते. मालगुजारीची जमीनव्यवस्था जबलपुरात होती, तशीच ती भंडारा-चांद्यातही होती. त्याहून अलीकडचा आणि अधिक जिव्हाळ्याचा धागा म्हणजे सोयाबीन. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी अनेक वर्षे असलेले 'जेएस ३३५' हे वाण जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे. त्या नावातील 'जेएस' म्हणजे 'जवाहर सोयाबीन'. ज्या विद्यापीठाच्या वाणाने महाराष्ट्राचा खरीप बदलला, त्याच्या अंगणातील गावांचे काय झाले, हे समजून घेणे महाराष्ट्राच्याही हिताचे आहे.

एका जिल्ह्यातील अनेक भूगोल

कृषी हवामान विभागांच्या वर्गीकरणात जबलपूर जिल्हा 'कैमूर पठार आणि सातपुडा डोंगर' या विभागात मोडतो. नावातच पठार आणि डोंगर असले तरी जिल्ह्याचा सर्वाधिक पिकाऊ भाग यांपैकी काहीच नाही; तो सपाट, खोल काळ्या मातीचा आहे. पश्चिमेकडील पाटण आणि शहपुरा, उत्तरेकडील मझौली, सिहोरा आणि पनागर या तहसिलींचा मोठा भाग नर्मदा व हिरन या नद्यांनी घडविलेल्या मैदानात येतो. दक्षिणेस नर्मदा संगमरवरी खडकांतून भेडाघाटाकडे उतरते. तिच्या वरच्या अंगाला बरगी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. पूर्वेकडे कुंडमचा उंच, चढउताराचा, हलक्या व मुरमाड जमिनीचा, जंगलाला लागून असलेला प्रदेश आहे.

हे भाग एकमेकांपासून तुटलेले मात्र नाहीत. हिरन नदी कुंडमच्या डोंगरात उगम पावते, मैदानातून वाहत जाते आणि पुढे नर्मदेला मिळते. कुंडमच्या उतारावर जंगल राहिले की नाही, बांध घातले गेले की नाही, याचा परिणाम खाली मैदानातील विहिरींपर्यंत पोचतो. पाण्याची वाट एक आहे; सरकारी फायलींत मात्र कुंडम हा 'आदिवासी विकासा'चा विषय असतो आणि पाटण हा 'उत्पादकते'चा. हिरनला ही विभागणी ठाऊक नाही.

वस्तीची ठेवणही भूगोलाप्रमाणे बदलते. मैदानातील गाव मोठे, घराला घर लागून असलेले, बाजारपेठेशी व रस्त्याशी जोडलेले. कुंडममधील गाव अनेक टोल्यांत विखुरलेले. एका टोल्यापासून दुसऱ्यापर्यंत पायवाट. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे १५ टक्के आहे. परंतु तो सर्वत्र सारखा पसरलेला नाही. कुंडम विकासखंडात आदिवासींची, मुख्यतः गोंड समाजाची, बहुसंख्या आहे. म्हणून '१५ टक्के' या आकड्यावरून आखलेली योजना मैदानात गरजेपेक्षा जास्त आणि कुंडममध्ये गरजेपेक्षा फार कमी पडते.

हवेली : माणसांच्या संख्येवर उभी असलेली शेतपद्धती

भूगोल आणि लोकसंख्या यांचे नाते जबलपूरच्या मैदानातील 'हवेली' पद्धतीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल. या हवेलीचा संबंध वाड्याशी नाही की पुण्याजवळच्या तालुक्याशी नाही. खोल काळ्या मातीच्या सपाट शेतांना चहूबाजूंनी उंच बांध घालायचे, पावसाळाभर त्यात पाणी साठू द्यायचे, आश्विनाच्या सुमारास ते सोडून द्यायचे आणि वाफसा येताच गहू, हरभरा, मसूर यांची पेरणी करायची, अशी ही पद्धती. विदर्भातील धानाच्या बांधीत पाणी पिकासाठी साठवले जाते. हवेलीत ते पुढच्या पिकासाठी साठवले जात असे.

यामागील तर्क पक्का होता. या भागात वर्षाला सुमारे १,३०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिकण काळ्या मातीत एवढ्या पावसात औत चालत नाही, पीक पिवळे पडते, उघडी माती वाहून जाते. तेव्हा खरिपाशी झुंज देण्यापेक्षा शेतच तळे करून टाकणे शहाणपणाचे होते. पाणी मातीत खोल मुरे, रब्बीचे पीक ओलितावाचून येई, माती जागेवर राही आणि मुख्य म्हणजे तण बुडून कुजून जाई. देशातील तण संशोधनाची केंद्रीय संस्था, तण संशोधन निदेशालय, याच जबलपुरात आहे. रसायनाचा थेंबही न वापरता शेकडो एकरांवरील तणांचा बंदोबस्त करणारी पद्धती तिच्या दारापर्यंत पसरलेली होती, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

ही पद्धती तांत्रिक होती तितकीच सामाजिकही होती. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून जायचे. कोणी, केव्हा, कोणत्या क्रमाने बांध फोडायचा हे गावाने मिळून ठरवावे लागे. बांध लांब असत. त्यांची डागडुजी एका कुटुंबाच्या आवाक्यातील नसे. शेताचे क्षेत्र मोठे, धारकांची संख्या मर्यादित आणि गावाचा शब्द मानला जाई, या तिन्ही गोष्टी असतील तरच हवेली चाले.

लोकसंख्येने नेमका याच पायावर घाव घातला. २००१ ते २०११ या दहा वर्षांतच जिल्ह्याची लोकसंख्या २१,५१,२०३ वरून २४,६३,२८९ वर गेली. वाढ सुमारे साडेचौदा टक्के. कुटुंबे वाढली तशा वाटण्या झाल्या. देशपातळीवर सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मधील २.२८ हेक्टरवरून २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आले. मध्य प्रदेशात त्या वर्षी ते १.५७ हेक्टर होते आणि महाराष्ट्रात १.३४. एका बांधाच्या आतील शेत चार भावांत विभागले गेले की एकाला पाणी साठवायचे असते आणि दुसऱ्याला खरीप पेरायचा असतो. पाणी मात्र सात-बारा पाहून थांबत नाही. ज्याचे पोट दीड हेक्टरवर चालते, त्याला वर्षातील चार महिने शेत पाण्याखाली ठेवणे परवडतही नाही.

त्यात १९७० च्या दशकानंतर सोयाबीन आले. रिकाम्या खरिपाला रोख पीक मिळाले आणि शेतकऱ्याने ते उत्साहाने स्वीकारले. त्यासाठी पाण्याला वाट हवी होती, बांध फुटले. पुढे कूपनलिका आल्या, कालवे आले, भात आला, उन्हाळी मूग आला. पाटण-शहपुऱ्याच्या पट्ट्यातील हिरवा वाटाणा इतका नावारूपाला आला की 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत जबलपूरची ओळख तोच ठरला. एका पिकाच्या जागी दोन आणि कोठे कोठे तीन पिके उभी राहिली. वाढत्या माणसांना या मातीने असा आधार दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण किंमतही चुकवावी लागली. पूर्वी जे पावसाचे पाणी शेतात थांबत असे, ते आता नाल्याने निघून जाते. आणि तेच पाणी रब्बीत भूगर्भातून विजेने उपसून आणावे लागते. तण बुडवणारे पाणी गेले, त्याची जागा तणनाशकाने घेतली. उन्हाळी मूग लवकर काढता यावा म्हणून उभ्या पिकावर तणनाशक फवारून ते सुकवण्याची चाल नर्मदा खोऱ्यात चिंतेचा विषय झाली आहे. भाताचा पेंढा व गव्हाची धसकटे जाळणे वाढले, कारण दोन पिकांमधील अवधी आटला. शेताला पूर्वी चार महिन्यांची विश्रांती होती. आता चार दिवसांचीही नाही.

उतारावरची गावे आणि पाण्याखालची गावे

कुंडमची कथा याच्या उलट आहे. येथे जमीन हलकी, पाणी टिकत नाही, ओलिताची सोय तुटपुंजी. कोदो, कुटकी, रामतीळ, उडीद, हलका धान ही येथील पिके. अनेक दशके ही धान्ये 'मागास शेती'ची खूण मानली गेली; २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यावर त्यांना 'श्रीअन्न' म्हणून मान मिळाला. मान मिळाला तरी गावापाशी सडण्याची सोय, एकगठ्ठा विक्रीची व्यवस्था आणि उतारावर टिकणारे शुद्ध बियाणे यांवाचून तो ताटापर्यंतच राहतो, शेतापर्यंत येत नाही. मैदानातील खरीप-रब्बी-उन्हाळी या तीन पिकांचे वेळापत्रक येथे लादणे म्हणजे चढावर नांगर उलटा धरण्यासारखे आहे.

कुंडमचे आणि मैदानाचे आणखी एक नाते आहे, जे पीक-आकडेवारीत दिसत नाही. वाटाणा तोडणी, भात लावणी, गहू कापणी या हंगामांत उतारावरची माणसे मैदानाच्या शेतांवर उतरतात. उरलेल्या काळात अनेकांना शहर गाठावे लागते. जनगणनेच्या भाषेत वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळणारा मनुष्य 'सीमांतिक कामकरी' ठरतो. या रुक्ष शब्दाआड अर्धे वर्ष गावाबाहेर असलेली संपूर्ण घरे उभी असतात. मैदानातील तीन पिकांची समृद्धी ज्या हातांवर उभी आहे, त्या हातांचे गाव उतारावर आहे, ही गोष्ट मजुरीचा दर, यंत्रांचे अनुदान आणि विस्तारसेवा ठरवताना विसरली जाते.

तिसरा प्रकार पाण्याखालच्या गावांचा. नर्मदेवरील मोठ्या धरणांच्या मालिकेत बरगी हे आधी पूर्ण झालेल्यांपैकी एक. १९९० च्या सुमारास त्याचा जलाशय भरला. जबलपूर, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे त्याच्या झळीत आली. कालव्यांनी खाली शेती भिजली, जबलपूर शहराला पाणी व वीज मिळाली. पण नदीकाठची गाळाची जमीन गेली ती वरच्या गावांची. त्यातील काही लोक काठावर सरकले, काही शहराच्या वस्त्यांत मिसळले, काहींनी जलाशयात मासेमारीची सहकारी व्यवस्था उभी केली. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर होते. ती जमीन केव्हा उघडी पडणार हे मात्र धरणाच्या दारांवर अवलंबून असते. जनगणनेच्या ग्रामसूचीत बेचिराग गावांचीही नोंद ठेवली जाते. त्या यादीतील प्रत्येक नावामागील शेतकरी आज कोणत्या स्तंभात मोजला जातो, हे शोधण्याची तसदी कृषिनियोजनाने क्वचितच घेतली आहे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

गावनिहाय नियोजनाची मागणी पुढे आली की दोन आक्षेप हटकून घेतले जातात. पहिला असा की, संशोधन संस्थांकडे मनुष्यबळ मर्यादित असते. प्रत्येक गावासाठी वेगळी शिफारस देणे शक्य नाही. हे खरे आहे. परंतु मागणी प्रत्येक गावाची नाही. खोल काळ्या मातीचे मैदान, नदीकाठ व जलाशयाचा काठ, कुंडमचा उतार आणि शहरालगतचा भाजीपाला-दुधाचा पट्टा असे चार गट केले तरी आजच्यापेक्षा कितीतरी अचूक काम होईल. एका जिल्ह्यासाठी एकच शिफारसपत्रक छापण्याऐवजी चार छापावी लागतील, एवढाच वाढीव भार.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हवेलीची आठवण काढणे म्हणजे लहान शेतकऱ्याला पुन्हा एका पिकावर नेणे होय, असे म्हटले जाते. ती पद्धती जशीच्या तशी परत आणावी, असे कोणीही जाणता म्हणणार नाही. ज्या मालगुजारी समाजरचनेत ती बहरली, ती १९५१ साली कायद्याने संपली आणि ती संपणेच न्याय्य होते. भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलावांचा अनुभव येथे बोलका आहे. मालकी सरकारकडे गेली, देखभाल कोणाचीच उरली नाही, तलाव गाळाने भरले. आता त्यांच्या दुरुस्तीवर नव्याने खर्च करावा लागतो आहे. जुनी व्यवस्था अन्यायाची होती म्हणून तिच्यातील पाण्याचे ज्ञानही फेकून देण्याचा हा परिणाम. हवेलीबाबत तीच चूक टाळता येईल. गावातील सर्वात सखल, खरीप हमखास बुडणारी शेते निवडून तेथे पाणी साठवण्याबद्दल धारकाला मोबदला देणे, त्यात शिंगाडा किंवा मासे घेता येतील काय याची चाचणी घेणे, तळाच्या विहिरींवर होणारा परिणाम मोजणे ही कामे संशोधन संस्थांच्या आवाक्यातील आहेत. पाणी मुरवणारा शेतकरी साऱ्या गावाची सेवा करतो. तिचे मोल गावाने व शासनाने द्यावे, यात जुनाट असे काही नाही.

जनगणनेची संधी

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणना निश्चित झाली असून देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख आहे. २०११ नंतर सोळा वर्षांनी प्रत्येक गावाचे माणूसबळ नव्याने कळणार आहे. मधल्या काळात नियोजन जुन्या आकड्यांवर चालले. जे मूल तेव्हा पाळण्यात होते ते आता औत किंवा ट्रॅक्टर हाकण्याच्या वयाला आले आहे, किंवा गाव सोडून गेले आहे. यांपैकी कोणते घडले, हे कळल्यावाचून पुढील दशकाची शेती आखता येणार नाही.

आकडे हाती येतील तेव्हा ते जिल्ह्याच्या तक्त्यात एकवटून थांबू नयेत. ग्रामनिहाय लोकसंख्या, कामकऱ्यांचे वर्ग आणि स्थलांतराच्या नोंदी मृदा आरोग्य पत्रिका, भूजल-पातळी व पीकपाहणीच्या नोंदींशेजारी ठेवल्या जाव्यात. उरलेल्या हवेली बांधांची गावनिहाय नोंद, तेही बांध नाहीसे होण्यापूर्वी, व्हावी. कुंडमसारख्या भागात मोजणी व सर्वेक्षणाची वेळ माणसे गावी असतात त्या दिवसांशी जुळवावी. आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रात्यक्षिकांत मैदानाच्या बरोबरीने उताराला वाटा मिळावा.

हेच महाराष्ट्रालाही लागू आहे. राज्याचे नऊ कृषी हवामान विभाग ठरले; परंतु नागपूर जिल्ह्यात काटोलचा संत्र्याचा पट्टा, रामटेक-मौद्याचा धान आणि महानगराची उपनगरे एकाच सरासरीत बसवली जातात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे शहर जितके फुगेल तितकी जिल्ह्याची सरासरी खेड्यापासून दूर जाईल. जबलपूर हे त्याचे जवळचे आणि स्पष्ट उदाहरण आहे.

जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचा परिसर ज्या आधारतालला आहे, त्याचे नाव एका तलावावरून पडले आहे. राणीताल, चेरीताल अशी तलावांचीच नावे या शहरातील अनेक वस्त्यांना आहेत. गोंड राजवटीच्या काळात येथे पाणी अडवून वस्ती केली जाई. पुढे मैदानात पाणी अडवून शेती केली गेली. आज तलावांची नावे उरली आहेत आणि बांधांच्या खुणा उरल्या आहेत. त्या खुणा पुसल्या जाण्याआधी त्यांच्या काठची माणसे मोजली गेली आणि ती मोजणी संशोधकाच्या टेबलावर मातीच्या नकाशाशेजारी ठेवली गेली, तर दर चौरस किलोमीटरला ४७३ या आकड्याआड हरवलेली गावे पुन्हा दिसू लागतील.